पहिलेपणाचें ऋण

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त एक मोठी गोड कथा आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आईवर रुसून घर सोडून निघाला, तेव्हां त्याला प्रेमाच्या पाशानें बांधून आणावें म्हणून गौरीनें साहित्यविद्या नांवाची एक वधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग देशोदेशीं हिंडली. ज्या देशांत जावें तेथला वेष तिनें घ्यावा, तेथल्या तऱ्हेचें नृत्य करावें, तेथल्या रीतीनें बोलावें. पूर्वेकडे त्याचें मन वळलें नाहीं, पुढें हळूहळू वळूं लागलें, आणि विदर्भांत तो पुरता तिचा झाला. त्या दोघांचा गांधर्व विवाह जेथें लागला तें नगर वत्सगुल्म, म्हणजे आपलें आजचें वाशीम.

वऱ्हाडांतल्या वाचकाला या कथेचा अभिमान वाटणें साहजिक आहे. पण अभिमानाच्या भरांत एक गोष्ट नजरेंतून निसटते. ही नवरी वेष पालटीत, नाचत, बोलत गांवोगांव फिरणारी आहे. चालू भाषेंत तिला नटीच म्हणावें लागेल. असें असूनहि विवाहानंतर गौरी आणि सरस्वती या दोन्ही विहिणींनीं तिला आशीर्वाद दिले. वाग्देवतेच्या घरची सून नर्तकी असावी, यांत राजशेखराला कांहीं वावगें वाटलें नाहीं.

पण काव्य म्हणजे समाज नव्हे. मनुस्मृतींत ज्यांचें अन्न खाऊं नये अशांची जी यादी दिली आहे तींत नटहि आहे. म्हणजे काव्यानें जिला सिंहासनावर बसविलें तिलाच स्मृतीनें पंक्तीबाहेर ठेवलें. आणि आपण दोन्ही ग्रंथांना सारखाच नमस्कार करीत आलों. हें दुटप्पीपण जुनें आहे एवढें म्हणून त्याची वासलात लागत नाहीं. ज्याची कला आपण आनंदानें घेतों त्याला आपल्या शेजारीं बसूं न देण्याचा अधिकार आपल्याला कोठून येतो, हा प्रश्न उरतोच. त्याचा विचार करावयास महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासांत एक उत्तम उदाहरण आहे, तें मूकपटाच्या पहिल्या नट्यांचें.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला. त्यांत हरिश्चंद्राचें काम दत्तात्रय दामोदर दाबके यांनीं केलें, आणि तारामतीचें काम अण्णा साळुंके या पुरुषानें. फाळक्यांना स्त्री नको होती असें नव्हे. त्यांनीं शोध केला, जाहिराती दिल्या. परंतु कोणीहि पुढें आली नाहीं. ज्यांना समाजानें आधींच टाकलें होतें अशा वस्तींतल्या स्त्रियांनींहि नकार दिला, असें त्यांच्या चरित्रकथनांतून सांगितलें जातें. अखेर एका खाणावळींत काम करणाऱ्या साळुंक्यांना त्यांनीं लुगडें नेसविलें. पुढें १९१७ सालच्या ‘लंकादहन’ चित्रपटांत याच गृहस्थांनीं राम आणि सीता अशीं दोन्ही कामें केलीं.

आतां तारामतीची कथा क्षणभर आठवूं या. सत्यासाठीं राज्य गेल्यावर हरिश्चंद्र आपल्या पत्नीला काशीच्या बाजारांत विकतो, आणि ती राणी परक्याच्या घरीं दासी होऊन राबते. ती भर बाजारांत उभी राहिली, तिची किंमत ठरली, तिनें अपरिचितांच्या घरचीं भांडीं घांसलीं. तरी तिच्या पावित्र्याविषयीं आजवर एकाहि श्रोत्यानें शंका घेतलेली नाहीं. उलट, तिचें हें दैन्य हीच तिच्या सतीत्वाची कसोटी असें आपण मानतों. पण एखाद्या जिवंत स्त्रीनें मुलाच्या पोटासाठीं मजुरी घेऊन त्याच तारामतीचें सोंग घेतलें असतें, तर ती मात्र भ्रष्ट ठरली असती! कथेंतली स्त्री विकली गेली तरी पवित्र, आणि तिची भूमिका करणारी कष्टाचे पैसे घेते म्हणून अपवित्र, हा न्याय मला तरी कोणत्याहि नीतिशास्त्रांत सांपडलेला नाहीं.

फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या पुढच्या चित्रपटांत ही कोंडी फुटली. त्यांत पार्वतीचें काम दुर्गाबाई कामत यांनीं केलें आणि मोहिनीचें काम त्यांच्या कन्या कमलाबाई यांनीं. कमलाबाईंचें वय त्या वेळीं तेरा-चौदा वर्षांचें असेल. यांत एक गंमत अशी कीं, पुराणांतली मोहिनी मुळांत स्त्रीच नव्हे, तें विष्णूनें घेतलेलें स्त्रीरूप. पुरुषानें स्त्रीवेष घेऊन करावी अशी एकच भूमिका आपल्या सगळ्या पुराणांत शोधली असती तर ती हीच निघाली असती. आणि नेमक्या त्याच भूमिकेसाठीं खरी मुलगी मिळाली.

दुर्गाबाई पतीपासून विभक्त झालेल्या होत्या. पदरीं मुलगी होती. त्या काळीं अशा स्त्रीला दोनच वाटा मोकळ्या असत: कोणाच्या तरी घरीं स्वयंपाक करावा किंवा धुणींभांडीं करावीं. दुर्गाबाईंनीं फिरत्या नाटक कंपनीची तिसरी वाट धरली. त्याबद्दल त्यांच्या ब्राह्मण जातीनें त्यांना वाळींत टाकलें. मुलगी मांडीवरची उठली ती रंगभूमीवरच चालूं लागली. म्हणजे फाळक्यांच्या कॅमेऱ्यापुढें उभें राहण्यापूर्वींच या मायलेकींनीं किंमत पुरी मोजलेली होती.

वाळींत टाकणाऱ्यांची बाजूहि ऐकून घेतली पाहिजे, कारण ते सारेच दुष्ट नव्हते. त्यांचें म्हणणें असें कीं, त्या काळच्या कंपन्यांच्या बिऱ्हाडांत स्त्रीला संरक्षण नव्हतें, आणि आपल्या लेकीबाळींना त्या वाटेपासून दूर ठेवण्यासाठीं जातीला कांहीं धाक ठेवणें भाग होतें. धोका खरा होता, हें मी मान्य करतों. पण विहिरीला कठडा नसेल तर कठडा बांधावा. जी पाण्यासाठीं विहिरीवर गेली तिला गांवाबाहेर काढून कठडा बांधला जात नाहीं. बहिष्कारानें धोका तिळभर कमी झाला नाहीं. धोक्याच्या जागीं गेलेल्या स्त्रीचें परतण्याचें दार मात्र बंद झालें.

दुसरे कोणी म्हणतील, ‘आम्हीं तिकिटाचे पैसे मोजले, देणें फिटलें.’ हा व्यवहाराचा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. तिकिटानें श्रमाचें मोल होतें, हें खरें. परंतु त्या स्त्रीचें नुसते श्रमच खर्च झालेले नसतात. तिची पत, तिचें नातेंगोतें, मुलाबाळांच्या सोयरिकी हेंहि सारें खर्ची पडलेलें असतें. आणि हा दुसरा खर्च तिच्यावर लादणारे कोण? तिकीट काढून खुर्चीवर बसलेले आपणच. एका हातानें चार आणे द्यावयाचे आणि दुसऱ्या हातानें जन्माची प्रतिष्ठा काढून घ्यावयाची, या व्यवहाराला ‘देणें फिटलें’ म्हणतां येत नाहीं.

आज आपण दुर्गाबाईंना ‘हिंदी चित्रपटसृष्टींतील पहिली नटी’ म्हणून गौरवितों. हा गौरव योग्यच आहे. पण त्यांत एक सूक्ष्म लबाडी शिरण्याचा संभव असतो. ‘त्या धाडसी होत्या, त्यांनीं रूढी झुगारली’ असें आपण म्हणतों, तेव्हां त्यांच्या गरजेचें आपण हळूच शौर्य करून टाकतों. शौर्य म्हटलें कीं कारणें विचारावीं लागत नाहींत. गरज म्हटलें कीं विचारावें लागतें: ती गरज कोणीं निर्माण केली? विभक्त स्त्रीला पोट भरण्याची दुसरी बरी वाट कां नव्हती? स्तुतिसुमनांच्या ढिगाखालीं हे प्रश्न दडपून जातात.

मग गरजेपोटीं केलेल्या कृत्याला नैतिक मोलच नाहीं काय? कांटचें शास्त्र कडकपणें लावलें तर जें कृत्य कर्तव्यबुद्धीनें झालें त्यालाच खरें नैतिक मोल. गरज किंवा आवड यांच्या ओढीनें झालेलें कृत्य त्या कसोटीला उतरत नाहीं. पण मायलेकींच्या बाबतींत ही कसोटी अपुरी पडते. गरज हजारोंना होती; फाळक्यांनीं अनेक दारें ठोठावलीं होतीं; पण दार उघडलें दोघींनींच. म्हणजे गरजेनें त्यांना उंबऱ्यापर्यंत आणलें असेल, उंबरा ओलांडला तो त्यांनीं स्वतः. शिवाय मुलीचें संगोपन हें कर्तव्य नव्हे तर दुसरें काय? तेव्हां त्यांचा गौरव करावयाचा तर तो त्यांनीं पत्करलेल्या कामाचा आणि तें नेटानें निभावल्याचा करावा. क्रांतीचा झेंडा त्यांच्या हातीं मागाहून देऊं नये. त्या इतिहास घडविण्यास निघाल्या नव्हत्या, संध्याकाळची चूल पेटविण्यास निघाल्या होत्या. यानें त्या लहान ठरत नाहींत.

हें म्हणण्याचें कारण पुढचा इतिहास. मूकपटांचा धंदा वाढला, नट्या हव्या झाल्या, आणि तरीहि ‘घरंदाज’ स्त्रिया पुढें येईनात. तेव्हां यहुदी आणि अँग्लो-इंडियन मुली आल्या. पुण्यास जन्मलेली रूबी मायर्स ही टेलिफोनवर काम करणारी यहुदी तरुणी ‘सुलोचना’ झाली आणि मूकपटाच्या काळांत अमाप लोकप्रिय ठरली. १९२७ सालच्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्यें तिनें आठ सोंगें वठविलीं. सुलोचना हें इंद्रजिताच्या सती गेलेल्या पत्नीचें नांव. पडद्यावर नांव आपल्या पतिव्रतेचें हवें, पण त्या नांवाखालीं उभी राहणारी मुलगी दुसऱ्याच्या घरची असावी, अशी ही सोय होती. १९३१ सालीं चित्रपट बोलूं लागला, तेव्हां तिला हिंदुस्थानी भाषा शिकण्यासाठीं थांबावें लागलें.

पुढच्याच वर्षीं, १९३२ मध्यें, प्रभात कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ काढला. कथा तीच हरिश्चंद्राची. पण या वेळीं तारामती झाल्या दुर्गा खोटे. सधन, सुशिक्षित घरांत जन्मलेल्या, कॉलेजांत शिकलेल्या या बाईंनाहि चित्रपटांत आणलें तें सासरच्या आर्थिक संकटानें. त्यांच्या पहिल्या चित्रपटानंतर त्यांच्यावरहि कठोर टीका झाली होती. परंतु ‘अयोध्येचा राजा’ लागतांच वारें फिरलें, आणि कुलीन स्त्रियांना ही वाट खुली झाली असें सर्वजण म्हणूं लागले.

भूमिका तीच, गरजहि तीच, इतकेंच काय पण नांवहि तेंच: एक दुर्गाबाई वाळींत पडल्या आणि दुसऱ्या दुर्गाबाईंनीं धंदा पवित्र केला. या एकोणीस वर्षांत आपली नीति सुधारली काय? मला वाटतें, नीति होती तेथेंच होती. बदललें होतें तें नटीचें घराणें. दुसऱ्या दुर्गाबाईंचें कर्तृत्व थोर आहे, त्याला यानें उणेपणा येत नाहीं. पण जें काम आपल्या दिवाणखान्यांतल्या स्त्रीनें केल्यावरच शुद्ध ठरतें, त्याच्या शुद्धाशुद्धतेचा निर्णय आपण विवेकानें केला नाहीं, वर्गाच्या अभिमानानें केला, एवढें कबूल करावें लागेल.

दूरच्या नॉर्वे देशांतली आउड एगेडे-निसेन ही मूकपटाची नटी याच काळांतली. तिनें १९१७ सालीं बर्लिनमध्यें गेर्डा आणि आडा या आपल्या दोन बहिणींसह स्वतःची चित्रपट कंपनी काढली, आणि १९२२ सालीं फ्रिट्स लांगच्या ‘डॉक्टर माबुझे’मध्यें नर्तकीची भूमिका गाजविली. युरोपांतहि नटीकडे लोक सरळ नजरेनें पाहत होते असें नव्हे; पण तीन बहिणी कंपनीच्या दारावर आपल्या कुळाचें नांव लावूं शकल्या. आपल्याकडे त्याच दशकांत नटीचें पहिलें काम असे तें कुळाचें नांव विसरण्याचें.

आणि शेवटीं उरलें काय? ‘मोहिनी भस्मासुर’ची फीत आज उपलब्ध नाहीं. पार्वती आणि मोहिनी कशा दिसल्या, कशा वावरल्या, हें आतां कोणालाहि पाहतां येणार नाहीं. आपल्या हातीं आहे तें फक्त ‘पहिली’ हें विशेषण. कमलाबाई पुढें रघुनाथराव गोखल्यांशीं विवाहबद्ध झाल्या, ऐन तारुण्यांत विधवा झाल्या, आणि रंगभूमीच्या कमाईवर त्यांनीं तीन मुलगे वाढविले. १९८० सालच्या ‘गहराई’ चित्रपटापर्यंत त्या काम करीत होत्या. रीना मोहन यांनीं १९९२ सालीं त्यांच्यावर माहितीपट केला, तेव्हां त्या नव्वदीच्या घरांत होत्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र, विक्रम गोखले हे नातू. जें घर एकदां पंक्तीबाहेर होतें, त्याला आज आपण आदरानें ‘घराणें’ म्हणतों.

हा आदर म्हणजे ऋणाची फेड काय? आपल्या शास्त्रांनीं ऋणाची कल्पना मोठ्या खोलवर विचारानें मांडली आहे. ऋषींचें ऋण ऋषींना परत करावयाचें नसतें. तें अध्ययनानें फेडावयाचें. पितरांचें ऋण पितरांना देतां येत नाहीं. तें पुढच्या पिढीच्या पालनानें फिटतें. जो देऊन गेला त्याला नव्हे, जो मागून येतो त्याला द्यावयाचें, ही आपली रीत. दुर्गाबाईंना आतां आपल्या हारतुऱ्यांचा उपयोग नाहीं. पण आजहि तमाशाच्या फडांत नाचणाऱ्या बाईच्या मुलाला शाळेंत हिणवलें जातें. मालिकेंतल्या सोशिक सुनेसाठीं रोज रात्रीं डोळे पुसणाऱ्या घरांत, ‘मुलगी नाटकांत काम करते’ एवढ्या एका वाक्यावर स्थळ परत जातें. ज्यांचें देणें आहे तीं माणसें हीं आहेत.

साहित्यविद्या वत्सगुल्मास आली तेव्हां तिला कोणीं तिचें कूळ विचारलें नाहीं. त्या नगरीचें नांव अभिमानानें सांगणाऱ्यांनीं, उद्यां अशी कोणी दारीं आली असतां, तेवढें तरी करावें.