आयर्विनला किती फूट?

मी साताऱ्याला व्यवस्थापन शिकवतो. अक्काचं सांगलीत, मारुती चौकाजवळ, किराणा दुकान आहे. निर्णय कसा जोखावा यावर आमचा जुना वाद आहे. या वेळी तो उतरवून घेतला.

मी : निकाल बघून निर्णयाला नावं ठेवू नयेत, असं मी मुलांना सांगतो. ठरवताना हातात काय माहिती होती आणि पर्याय कसे तोलले, तेवढं बघायचं. कोयना घे. १०५ टीएमसीचं धरण जुलैअखेर भरत आलंय. पुढं पाऊस किती, कुणालाच ठाऊक नाही. जागा रिकामी ठेवली आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या पाण्यावर डोळे लावून बसलेले आटपाडी, जत, कवठेमहांकाळ उन्हाळ्यात तडफडणार. भरू दिलं आणि पाऊस कोसळला, तर सहाही वक्र दरवाजे उचलावे लागणार, आणि ते पाणी कराडला कृष्णेत मिसळून तुमच्याकडं येणार.

अक्का : दोन्हीकडं माणसंच.

मी : म्हणूनच म्हणतो, ठरवणाऱ्याला निकालावरून धरू नये.

अक्का : २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. निर्णय तुझ्या हिशेबानं बरोबर असेलही. माझी साखरेची पोती विरघळली, ती कुठल्या हिशेबात धरायची?

मी : ते नुकसान मी नाकारत नाही.

अक्का : नुकसान मी सोसलंय. मी वेगळंच विचारतेय. ‘माहीत नव्हतं’ आणि ‘विचारलं नाही’ यांत तू फरक करतोस की नाही?

मी : करतो. पण सगळं विचारत बसलं तर निर्णयाची वेळ निघून जाते.

अक्का : आमच्याकडं पावसाळ्यात चहावालासुद्धा आयर्विनला किती फूट ते सांगतो. बरं, हरिपूरची पेवं आठव. जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद, पोट मोठं. हळद भरून तोंड मातीनं बंद केलं की कीड लागायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली रीत. २००५ च्या पुरात त्यांत पाणी शिरलं. पेवात हळद ठेवणारा चुकला का?

मी : नाही. त्याला जेवढं ठाऊक होतं, त्यात त्याचं बरोबर होतं.

अक्का : आणि पुढच्या वर्षी, काही विचार न करता, त्याच पेवात परत भरली असती तर?

मी : तर चुकला असता.

अक्का : पूर आला नसता तरी?

मी : हो. पूर आला नसता तरी.

अक्का : मग एवढी वर्षं मुलांना अर्धंच शिकवलंस. तुझा नियम माणसाला सोडवतो तेवढंच सांगतोस. पूर न येताही तो माणसाला धरतो, हे कोण सांगणार?

यावर मी बराच वेळ माहितीची किंमत, शक्यतांचा हिशेब असं बोलत राहिलो. तिनं ऐकून घेतलं, आणि एकदम दुकानावर आली.

अक्का : मी ३८ फुटांना माल माळ्यावर चढवायला घेते. इशाऱ्याची पातळी ४०, तीही आलेली नसते. शेजारी हसतात. बहुतेक वेळा पाणी चौकात येतच नाही. हमाली जाते, बिस्किटांचे पुडे चेपतात, दोन दिवसांचं गिऱ्हाईक तुटतं.

मी : माझ्या नियमानं तू दर वेळी बरोबरच असतेस.

अक्का : बरोबर असण्याची हमाली मीच भरते, म्हणून मला जमतं. दुकानातल्या पोराला जमेल का? मी गावाला गेले आणि पाणी ३८ ला आलं, तर तो फोन लावत बसणार. खर्च केला आणि पाणी आलं नाही, तर अक्का बोलेल ही भीती. म्हणून त्याला जूनमध्येच सांगून ठेवते : ३८ ला मला विचारू नको. पाणी आलं नाही तर एक शब्द बोलणार नाही. धरणावरच्या माणसाला असं कुणी सांगितलंय?

मला उत्तर सुचलं नाही. आगाऊ पाणी सोडलं आणि पाऊस थांबला, तर पाणी वाया घालवलं म्हणून तोच सापडतो. पाणी न सोडता थांबला आणि ढगफुटीसारखा पाऊस झाला, तर दोष आभाळाला देता येतो. अशा जागी बसलेला शहाणा माणूसही थांबण्याकडेच झुकेल. आम्ही वर्गात माणसाचं डोकं तयार करतो. त्याच्या डोक्यावर टांगलेल्या चौकशीबद्दल बोलत नाही.

मी : धरणाचंही वेळापत्रक असतं, अक्का. कुठल्या तारखेला किती साठा ठेवायचा, ते ठरलेलं असतं.

अक्का : असू दे की. ते ठरवताना जतची बाई आणि मी समोरासमोर बसलो होतो का?

मी : बसला असतात तर तू धरण रिकामं ठेवा म्हणाली असतीस, ती भरा म्हणाली असती.

अक्का : म्हणालो असतो. भांडलोही असतो. पण तिच्या गावात टँकर किती दिवसांनी येतो, हे मला कळलं असतं. कदाचित रिकाम्या जागेचा माझा आकडा मी खाली आणला असता.

मी : आणि आणला नसतास, वर तिकडं पाणी कमी पडलं असतं तर?

अक्का : तर तिनं माझ्या दारात येऊन मला विचारावं. त्या कागदावर माझीही सही असेल.