वयावर घेतलेला आळ

शिडाच्या नौकेतील जुने डिझेल एंजिन भर समुद्रात बंद पडले, की ‘त्याचे वय झाले’ असा निकाल चटकन देण्यात येतो. हा न्याय आहे काय? १८९७ साली रुडोल्फ डिझेलने यशस्वी करून दाखविलेल्या या यंत्रास ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेली हवा व स्वच्छ तेल मिळाले म्हणजे पुरे. परंतु टाकीच्या तळाशी निजलेला गाळ लाटांनी घुसळला जातो, गाळणी तुंबते आणि एंजिन उपाशी पडते. गाळणी बदलून नळीतील हवा काढून टाकली, की तेच म्हातारे यंत्र बहुधा पुन्हा धडधडू लागते. खऱ्या वार्धक्याची वर्दी धुराने व सुरू होतानाच्या कुरकुरीने बरीच अगोदर मिळत असते. पण वयावर आळ घेतला, म्हणजे टाकी कोणी साफ करावयाची होती, हे विचारावे लागत नाही.