मृतांचे पाय

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील माणसे आपल्या मृतांना घराच्या जमिनीखाली किंवा अंगणातच पुरीत. मुलांसाठी दोन कुंभ तोंडाला तोंड लावून ठेवीत. प्रौढांचे पाय मात्र घोट्याखाली तोडीत. मृताने भूत होऊन भटकू नये म्हणून तसे करीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पण ज्याची केवळ भीतीच वाटते, त्याला आपल्या अंथरुणाखाली कोण जागा देईल? ‘आता कोठे जाऊ नकोस’ ही विनवणीही त्या क्रूर कृतीत असावी, असे मला वाटते.

ज्या घरचा माणूस दूर रणांगणावर पडला, त्या घराला एवढेही करता येत नाही. १९९९च्या कारगिल युद्धापूर्वी सैनिकाचे पार्थिव गावी येणे दुर्मीळच होते. रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. वय अवघे बावीस. त्यांची ज्ञात समाधी नाही. कॅसिनो येथील स्मारकावर, तशाच चार हजारांहून अधिक नावांत, त्यांचे नाव कोरलेले आहे. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला, तो पत्नीच्या हाती आला. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

पदकासोबतच्या गौरवपत्रात शेवटची काही मिनिटे आहेत. तुकडीतील सोबती मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले. हातबाँबने त्यांनी ती मशीनगन बंद पाडली, एकाला गोळीने टिपले आणि काडतुसे भरायला वेळ न उरल्याने उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले.

हे सारे खरेच. परंतु त्याआधीची बावीस वर्षे कोणाची? पोराचा हट्ट, त्याचे रुसणे, कधीतरी भ्यालेला त्याचा चेहरा? हे घरच्यांपाशी असते आणि त्यांच्याबरोबरच जाते. आपण मात्र मृताला त्या एका क्षणात उभे करून ठेवतो, तेथून त्याला हलू देत नाही. इनामगावकरांनी निदान घरातला माणूस घरात ठेवला होता.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. दस्त्याने मारलेले ते दोघे जर्मन कोण होते? कॅसिनोजवळच, कायरा येथे, जर्मन सैनिकांचीही मोठी दफनभूमी आहे. २ नोव्हेंबरला आपण सर्व मृतांसाठी प्रार्थना करतो, त्या ‘सर्व’ शब्दाला सरहद्द नाही. तरीही ज्या स्त्रीच्या हाती पतीऐवजी पदक ठेवले गेले, तिने त्या दोघांचेही स्मरण करावे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मी मात्र मेणबत्ती लावताना तिघांचा विचार करतो. त्यांतल्या एकाचेच नाव मला ठाऊक आहे.