पाहुण्याची वेळ

प्रवासाचे वेळापत्रक आखायला बसलेला मनुष्य काही काळापुरता बादशहाच असतो. नऊला राजवाडा, अकराला बाजार, एकाला मशीद असे तो लिहीत जातो, आणि सारे शहर आपल्याच सोयीने उठते-बसते असे त्याला वाटू लागते. येत्या वसंतात आम्ही घरची चार माणसे इस्तंबूलला जाणार आहोत. त्या निमित्ताने ही बादशाही काही दिवस माझ्याही वाट्याला आली. पण सुलतान अहमद मशिदीपाशी येऊन ती अडली.

ही मशीद 1609 ते 1616 या काळात उभी राहिली. सेदेफ्कार मेहमेद आगा हा तिचा स्थपती. आतल्या भिंतींवर इझनिकच्या 20,000 हून अधिक नक्षीदार फरश्या आहेत. त्यांच्या निळाईमुळे परदेशी लोक तिला ‘निळी मशीद’ म्हणतात. आत जायला पैसे पडत नाहीत. मात्र नमाजाच्या वेळी प्रवाशांना प्रवेश नाही, आणि शुक्रवारी दुपारचा मोठा नमाज आटोपेपर्यंत तर नाहीच. बरे, या वेळा आपल्या कचेरीसारख्या ठरीव नसतात. त्या सूर्यावर अवलंबून, म्हणून रोज थोड्या सरकतात. दिवस लहान होऊ लागला म्हणजे दुपारचा, तिसऱ्या प्रहरचा आणि सूर्यास्ताचा नमाज एकमेकांच्या जवळ येतात आणि प्रवाशाच्या वाट्याची फट अरुंद होत जाते.

इतका पैसा खर्चून, इतक्या लांबून जायचे आणि बाहेर ताटकळायचे? मनात असा प्रश्न येतो खरा. पण पंढरपुरात विठोबाच्या नैवेद्यासाठी दर्शन थोडे थांबते तेव्हा हा प्रश्न आपल्याला पडत नाही. देव जेवतो आहे, एवढे कारण आपल्याला पुरते. आपल्या देवाची वेळ आपण निमूटपणे मानतो. दुसऱ्याच्या देवाची वेळ तेवढी आपल्याला गैरसोय वाटते!

वेरूळला गेलेल्यांना हा फरक अधिक सहज कळेल. कैलास लेण्यात आपण तिकीट काढून जातो, मनसोक्त हिंडतो, हत्तीपाशी उभे राहून छायाचित्रे काढतो. तिथून जवळच घृष्णेश्वराचे देऊळ आहे. तिथे गाभाऱ्यात शिरताना पुरुषांना सदरा उतरवावा लागतो. लेणे पाहायचे असते आणि देवळात जायचे असते; आपली भाषाच हा भेद करते. वास्तू पाहण्याचा हक्क सर्वांना असावा, हे मला मान्य आहे. इस्तंबूलचा तो जुना भाग 1985 पासून जागतिक वारसा म्हणून मानला जातो, तो उगाच नव्हे. परंतु भिंती साऱ्या जगाच्या असल्या तरी तिथली प्रार्थना ही जगासाठी मांडलेले प्रदर्शन नव्हे.

समोरच आयासोफिया आहे. 537 साली चर्च म्हणून ती पूर्ण झाली, 1453 मध्ये मशीद झाली, 1935 मध्ये संग्रहालय म्हणून उघडली आणि 2020 मध्ये पुन्हा मशीद झाली. 2024 च्या जानेवारीपासून परदेशी प्रवाशांना वेगळ्या दाराने, तिकीट काढून, वरच्या सज्जात नेण्याची पद्धत सुरू झाली. संग्रहालय होती तेव्हा तिथे कोणाला थांबावे लागत नसे. पण गुडघे टेकण्याचीही सोय नव्हती. यात कोणाला न्याय मिळाला आणि कोणावर अन्याय झाला, हा वाद मोठा आहे आणि तो चार दिवसांच्या पाहुण्याने सोडवण्यासारखा नाही.

आमच्या घरातला वाद मात्र वेगळाच निघाला. बायकांनी डोके झाकावे हा नियम ऐकताच माझी नात म्हणाली, “आजोबा, माझा विश्वास नसताना मी ओढणी घेतली तर ते ढोंग नाही का? आणि हे मुलींनाच का?”

मी सांगितले, “पुरुषांनाही गुडघ्यांच्या वर चड्डी चालत नाही, जोडे साऱ्यांनाच काढावे लागतात.” तिचे समाधान झाले नाही, खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. मग आमची सौभाग्यवती म्हणाली, “अगं, कोणाकडे गेल्यावर तू जोडे बाहेर काढतेस, ते त्यांची सगळी मतं पटली म्हणून का? नाही पटलं तर जाऊ नये. जायचं तर त्यांच्या घरच्या रीतीनं जावं.”

नात थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मी येईन, ओढणीही घेईन. पण पटलं म्हणून घेतली, असं कोणी म्हणायचं नाही.” मला हे उत्तर माझ्या उपदेशापेक्षा प्रामाणिक वाटले. सभ्यता म्हणजे संमती नव्हे. दुसऱ्याच्या श्रद्धेला वाट देताना स्वतःचे मत गिळावे लागत नाही. ते जोड्यांबरोबर थोडा वेळ हातात धरले तरी पुरते.

त्या मशिदीच्या पश्चिमेकडील दारात वर एक जड लोखंडी साखळी टांगलेली आहे. अंगणात घोड्यावरून येण्याचा मान एकट्या सुलतानाचा. पण त्यालाही साखळी चुकवायला मान खाली घालावी लागे, म्हणून ती तिथे लावली असे सांगतात. ज्याने मशीद बांधवली, तोही तिथे पाहुणाच!

आता समजा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपले दार उघडे आहे, पणत्या लागल्या आहेत, आरती चालू आहे, आणि एखादा परका प्रवासी दारात येऊन उभा राहिला. आपण त्याला हाकलून देणार नाही. त्याला चकली-करंजीचे ताटही देऊ. पण तो आरतीच्या मधून चालत आला तर आपल्याला काय वाटेल? आणि आरती संपेपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबला, मग जोडे काढून आत आला, तर काय वाटेल? त्याचा धर्म कोणता हे विचारण्याची आठवणसुद्धा आपल्याला होणार नाही. आपण एवढेच म्हणू, “या, बसा.”