परत फिरण्याची हिंमत

हिंमत कशाला म्हणावे, हा प्रश्न पावसाळ्यात कपिलधारला गेले की हटकून पडतो. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेत मांजरसुंब्याजवळच्या दरीत हे ठिकाण आहे. मन्मथस्वामींची समाधी इथलीच. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला वीरशैव भाविक दूरच्या गावांहून पायी येतात. त्यांच्या पायांच्या फोडांना कुणी साहस म्हणत नाही. धबधबा भरात असला की तरुण पोरे येतात, त्यांत आमच्या मोहल्ल्यांतलीही असतात. शेवाळलेल्या खडकाच्या पार कडेला उभे राहायचे, मित्राने मोबाइलवर फोटो घ्यायचा, वडीलधाऱ्याने हाक मारली तर हसायचे. पोरांच्या लेखी ही हिंमत. आम्ही तिला हिंमत म्हणत नाही. पण का म्हणत नाही, हे त्यांना पटेल असे सांगता आले पाहिजे. नुसते ‘पडशील’ म्हणून भागत नाही.

आधी उंट बांधा, मग अल्लाहवर हवाला ठेवा, ही शिकवण आपल्या घराघरांत माहीत आहे. डोंगर चढणारा माणूस तीच पाळतो. तो दोर तपासतो, हवा पाहतो, भीतीला सल्लागार म्हणून सोबत ठेवतो.

मराठवाड्यातलेच एक उदाहरण घेऊ. रफिक शेख हे तेव्हाच्या औरंगाबादच्या पोलीस दलातले शिपाई. २०१४ मध्ये ते एव्हरेस्टसाठी गेले. १८ एप्रिलला खुंबूच्या हिमप्रपातात हिमस्खलन होऊन १६ नेपाळी कामगार दगावले आणि मोहिमा थांबल्या. शेख परतले. २०१५ मध्ये पुन्हा गेले. २५ एप्रिलच्या भूकंपाने हिमकडा तळछावणीवरच कोसळला. पुन्हा परतले. १९ मे २०१६ रोजी ते शिखरावर पोचले. वर्तमानपत्रांनी साहजिकच हे तिसरे वर्ष साजरे केले. आमचे मन मात्र पहिल्या दोन वर्षांपाशी रेंगाळते. त्या काळी नेपाळचे परवाना शुल्कच ११ हजार डॉलर होते; शिपायाच्या पगारात ही रक्कम किती मोठी, हे सांगायला नको. एवढ्या खटपटीनंतर माणूस रिकाम्या हाताने परततो तेव्हा गल्लीत, चहाच्या टपरीवर काय काय विचारले जाते, ते आपल्याला ठाऊक आहे. ते ऐकून पुन्हा ड्यूटीवर जायचे, पुन्हा सराव करायचा.

याला सब्र म्हणावे. आपल्याकडे हा शब्द फार झिजला. सुनेला, बेकार मुलाला, अन्याय झालेल्याला आपण ‘सब्र करो’ म्हणतो, आणि अर्थ असतो ‘गप्प बस’. मूळ अरबीत त्यात स्वतःला आवरून धरणे आहे, टिकून राहणे आहे. गप्प बसणे नाही. २०१४ च्या त्या अपघातानंतर सरकारने मृतांच्या घरच्यांना तातडीची म्हणून ४० हजार नेपाळी रुपयांची मदत देऊ केली, तेव्हा शेरपा संतापले आणि चढायला त्यांनी नकार दिला. पोट त्याच हंगामावर असताना दिलेला हा नकार आम्हाला कुठल्याही शिखराच्या तोडीचा वाटतो.

आणि याच्या अगदी उलटेही त्याच वर्षी घडले. २०१६ च्या मे महिन्यात पुणे पोलिसांतल्या एका दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला. छायाचित्रे बनावट निघाली, नेपाळने त्यांच्यावर १० वर्षांची बंदी घातली, पुढे नोकरीही गेली. त्यांची चेष्टा करणे सोपे आहे. पण ‘जमले नाही’ एवढे दोन शब्द बोलण्याची सोय आपण किती जणांना देतो? स्पर्धा परीक्षेत दोनदा नापास झालेला मुलगा घरी काय सांगतो, ते एकदा कान देऊन ऐकावे. मुलीला तर दुसरी संधीच मिळत नाही. पहिल्या अपयशाबरोबर स्थळे पाहणे सुरू होते.

इथे कुणी म्हणेल, हे हौसेचे संकट आहे, स्वतःहून ओढवून घेतलेले. त्यातून गरिबाने काय शिकायचे? आक्षेप खरा आहे. याच बालाघाटावरून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. थंडीत पहाटे फडात उतरणे, कोपीत संसार मांडणे, अवघडलेल्या बाईनेही मोळी उचलणे. त्यांच्या जिद्दीचे कौतुक करणारे लेख आम्हीही वाचतो आणि अस्वस्थ होतो. ज्याला दुसरा रस्ताच ठेवला नाही, त्याला शूर म्हणून आपण स्वतःला मोकळे करून घेतो की काय? एव्हरेस्टच्या तळावरून माणूस परत फिरू शकतो. कोयत्यावर गेलेल्या जोडप्याने मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत आजारी पडले तरी फड सोडता येत नाही.