मनाचा लगाम कोणाच्या हाती?

पैठणास श्रीनाथमहाराज गोदास्नान करून परतत असता वाटेत बसलेला एक माणूस त्यांच्या अंगावर थुंके आणि महाराज पुन्हा स्नानास जात, ही कथा आपण कीर्तनातून कितीदा तरी ऐकली आहे. कुणी 108 वेळा म्हणतो, कुणी कमी सांगतो. आकड्याचे राहू द्या. ऐकून आपण म्हणतो, "काय ही सहनशीलता!" आणि मंडपाबाहेर पडताना कुणाचा पाय आपल्या पायावर पडला की लगेच, "दिसत नाही का रे?"

मला विचाराल तर सहनशीलता हा शब्द येथे तोकडा पडतो. सहन करणारा आतून जळत असतो. नाथ घरून निघाले ते स्नानासाठी. थुंकणाऱ्याने भांडणाला बोलावले, ते गेले नाहीत. पुन्हा गोदेवरच गेले. शेवटी तो माणूस शरण आला असे कथा सांगते. तो आला नसता, तरी महाराजांचे स्नान झालेच होते!

आपले कसे होते पाहा. सकाळी हरिपाठाला बसावे, तोच शेजारी बांधावरून एक शब्द टाकतो, नाहीतर मोबाईल वाजतो. झालं! टाळ हातात, पण मन त्या शब्दामागे दिवसभर फिरते.

येथे कुणी विचारील, "मग वारकऱ्याने काय दगड व्हावे? ठरवले ते ठरवले, आजूबाजूला बघायचेच नाही?" तसे नाही. काशीची गंगा कावडीत घालून रामेश्वराला निघालेल्या याच नाथांनी वाटेत तहानेने तडफडणारे गाढव पाहिले आणि कावड त्याच्या तोंडात रिती केली. केवढा ठरलेला संकल्प, तो क्षणात बाजूला ठेवला. थुंकीने न हललेला माणूस गाढवाच्या तहानेने हलला. थुंकणाऱ्याने डिवचले होते ते 'मी'ला, आणि तो 'मी' जागा झाला नाही. गाढवापाशी दिसले ते दुसऱ्याचे दुःख. शिवाय देवासाठी निघालेले पाणी देवालाच पोचले, असेच महाराजांना वाटले असणार.

नाथभागवताच्या तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या भिक्षूची कथा आहे. त्याच्याही डोक्यावर लोक थुंकतात. तो विचार करतो, की माझ्या सुखदुःखाला हे लोक कारण नाहीत, ग्रह नाहीत, काळही नाही. कारण माझे मन. नाथांनी 1573 मध्ये काशीस हा ग्रंथ पुरा केला. त्यांनी हे लिहिलेही आणि जगूनही दाखवले.

तर वाचकहो, प्रपंचात कठीण जाते ते दोहोंतला भेद ओळखणे. मुलगा नापास होऊन दारात उभा राहतो. गावात आपले नाक कापले म्हणून तो आपल्याला थुंकणारा वाटतो, आणि हात उगारला जातो. तोंड सुकलेले असते त्याचे. आधी तांब्याभर पाणी द्यावे, जेवायला बसवावे. निकालाचे उद्या बोलता येते.