सणाचें कूळ
नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. सणांनाहि तोच न्याय लावावा कीं काय, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. अमेरिकन लोकांच्या नाताळचेंच उदाहरण घ्या. आज त्या देशांत हा सण इतका सार्वत्रिक झाला आहे कीं, तेथील आरंभींच्या वसाहतवाल्यांपैकीं एका अत्यंत धर्मनिष्ठ पंथानें त्यास बंदी केली होती, हें पुष्कळांस खरें वाटणार नाहीं. परंतु १६५९ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या प्यूरिटन शासनानें नाताळ पाळणारास पांच शिलिंग दंड ठरविला, आणि तो कायदा १६८१ पर्यंत रद्द झाला नाहीं.

प्यूरिटनांचा युक्तिवाद सरळ होता. येशूची जन्मतिथि बायबलांत कोठेंहि दिलेली नाहीं; रोमन लोक मात्र डिसेंबरांत सॅटर्नेलिया नांवाचा धिंगाण्याचा सण करीत असत; तेव्हां हा सण कुळानें मूर्तिपूजकांचा, म्हणून त्याज्य. इन्क्रीज मॅथर ह्या बॉस्टनच्या धर्मोपदेशकानें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत हेंच प्रतिपादन आहे. त्यांतील माहिती बरीचशी बरोबर असेल, पण निष्कर्ष चुकीचा आहे, असें मला वाटतें. कोय उकिरड्यावर रुजली म्हणून आंबा आंबट ठरत नाहीं. इंग्रजी वारांचीं नांवें मूर्तिपूजकांच्या देवतांवरून पडलेलीं. कित्येक प्यूरिटनांस तींहि खुपत असत, पण म्हणून आठवडा कांहीं त्यांनीं टाकला नाहीं!

मात्र त्यांच्या डोळ्यांसमोरचा नाताळ आजच्यासारखा सोज्वळ नव्हता, हेंहि लक्षांत घेतलें पाहिजे. मद्यपान, जुगार, आणि गोरगरिबांच्या टोळ्यांनीं धनिकांच्या दारीं जाऊन खाणेंपिणें हक्कानें मागणें, असें त्याचें स्वरूप होतें. पुढें एकोणिसाव्या शतकांत तो रस्त्यावरून घरांत आला. १८२३ सालीं ट्रॉय येथील वृत्तपत्रांत निनांवी छापलेली सेंट निकोलसवरील कविता, आणि १८६३ पासून टॉमस नास्टनें 'हार्पर्स वीकली'साठीं काढलेलीं चित्रें ह्यांतून सांता क्लॉजची मूर्ति घडली. ह्या स्थित्यंतरास सुधारणा म्हणण्याची चाल आहे. मला मात्र त्यांत एक उणीव दिसते : जें पूर्वीं दाराबाहेरच्या गरिबास द्यावें लागे, तें आतां दार लावून घेऊन आपल्याच मुलांस दिलें जाऊं लागलें.

सणाचें कूळ न विचारतां त्याचा उपयोग कोणास होतो, हें विचारणारा मनुष्य वेगळाच होता. मेरीलँडमध्यें गुलाम म्हणून जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसनें १८४५ सालच्या आपल्या आत्मचरित्रांत, नाताळपासून नववर्षदिनापर्यंत गुलामांस मिळणाऱ्या सुटीचें वर्णन केलें आहे. त्यांच्यांतले विचारी लोक त्या दिवसांत झाडू, चटया, टोपल्या करीत. कोणी शिकारीस जात. बहुतेक जण मात्र चेंडू, कुस्त्या, नाचगाणें आणि व्हिस्की ह्यांत वेळ घालवीत. धन्यांस हेंच हवें असे. गुलामांनीं अधिकाधिक प्यावें म्हणून ते पैजाहि लावीत, कारण मोकळीक म्हणजे केवळ ही गुंगी, असें वाटून त्यांस तिची शिसारी यावी आणि त्यांनीं मुकाट्यानें शेताकडे परतावें. बंडाची वाफ वर्षांतून एकदां निघून जाण्याची ती सोय होती. डग्लसनें तिला ढळढळीत फसवणूक म्हटलें आहे.

हा आक्षेप प्यूरिटनांच्या आक्षेपाहून फार खोल आहे, आणि मला तो बहुतांशीं मान्य आहे. तथापि डग्लसच हेंहि नमूद करतो कीं, ज्यांचीं बायकापोरें दूरच्या मळ्यावर असत, त्यांस बहुधा ते सहाहि दिवस त्यांच्या सहवासांत काढतां येत. धन्यानें स्वार्थापोटीं दिलेले म्हणून ते सहा दिवस खोटे होते काय? त्या मुलांनीं बापास पाहिलें तें खरेंच पाहिलें. देणाराचा हेतु घेणाराच्या आनंदांत शिरतो, असें सरसकट म्हणण्यास माझें मन धजत नाहीं.

आणि देणाराचा हेतु नेहमीं सिद्धीस जातो असेंहि नाहीं. १८४८ च्या डिसेंबरांत जॉर्जियांतील मेकन येथील विल्यम व एलेन क्राफ्ट ह्या गुलाम दांपत्यानें नाताळनिमित्त आपापल्या धन्यांकडून कांहीं दिवसांचे परवाने मिळविले. वर्णानें गोरी दिसणारी एलेन आजारी तरुण मालकाच्या वेषांत, आणि विल्यम तिचा नोकर म्हणून, अशीं तीं दोघें आगगाडीनें व आगबोटीनें उत्तरेकडे निघालीं, आणि नाताळच्या दिवशीं पहांटे फिलाडेल्फियास पोंचलीं.